चाकांवरचं घर घेऊन रायपुरात

नागपूर ते रायपूर रस्त्यानं साधारण २९० किलोमीटर. रायपूर ते जगदलपूर जवळजवळ तेवढंच, आणि संबलपूर त्याहून थोडं अलीकडे. पुरीला निघा नाहीतर बस्तरला, विदर्भातून पूर्वेकडे जाणाऱ्या कुटुंबाची पहिली रात्र बहुधा रायपुरातच पडते. हजीरा ते पारादीप हा राष्ट्रीय महामार्ग ५३ (जुन्यांच्या तोंडी अजूनही सहा नंबर) आणि बस्तरकडे उतरणारा महामार्ग ३० इथंच एकमेकांना भेटतात. हॉटेलात उतरणाऱ्याचा प्रश्न मोबाइलवर दोन मिनिटांत मिटतो. पण टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यात पलंग, ओटा, टाकी आणि संडास बसवून घेतलेली गाडी, म्हणजे कॅम्परव्हॅन किंवा कॅरॅव्हॅन, घेऊन निघालेल्यांनी रात्री ती उभी कुठं करायची?

अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. तिथल्या मिडवेस्ट भागातल्या इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचं गाव आहे. देशातल्या बहुतेक मोटरहोम त्या परिसरात बनतात आणि नोत्र दाम विद्यापीठ तिथून जवळच आहे. अशा कॉलेजगावांच्या आसपास कॅम्पग्राउंड असतात. नंबर घातलेली जागा, शेजारी विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि जमिनीत मैल्याच्या नळीचं तोंड, असं सगळं हाताशी. पैसे भरायचे, नळ्या जोडायच्या, झोपायचं. विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्याचा शनिवार असला तर मात्र महिनोन्‌महिने आधी आरक्षण लागतं, नाहीतर आसपासच्या गावांत भटकावं लागतं.

रायपूर हेही एका अर्थानं कॉलेजगावच. लहान नाही, राजधानी आहे. पण भिलाईकडून जी. ई. रोडनं शहरात शिरलं की आधी एम्स लागतं, मग १९६४ साली स्थापन झालेलं पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आणि एनआयटी. कृषी विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि आयआयएम व हिदायतुल्ला विधी विद्यापीठ नव्या रायपुरात. फरक इतकाच की अमेरिकन कॅम्पग्राउंडवर जे एका ठिकाणी मिळतं ते इथं चार ठिकाणी विखुरलेलं असतं. विजेचा पॉइंट एकाकडे, नळ दुसऱ्याकडे, गटाराचं झाकण तिसऱ्याकडे आणि रात्री बंद होणारं फाटक चौथ्याकडे. हे चार जिथं एकत्र येतात आणि मालक हो म्हणतो, ती तुमची कॅम्पसाइट. ती तयार सापडत नाही, जमवावी लागते. नियोजन म्हणजे एवढंच, पण ते घरून निघण्याआधी करायचं असतं. रात्री नऊ वाजता टाटीबंध चौकात ट्रकांच्या मधोमध उभं राहून करायचं नसतं.

या रस्त्यावर घर सोबत घेऊन चालणं तसं नवं नाही. १८७७ मध्ये विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला आले आणि मागाहून त्यांचं कुटुंब कलकत्त्याहून निघालं. त्यात चौदा वर्षांचा नरेंद्र होता, पुढे विवेकानंद झालेला. रेल्वे तेव्हा नागपूरपर्यंतच होती. तिथून पुढे दाट जंगलातून पंधरवड्याहून जास्त दिवस बैलगाडीचा प्रवास. वाटेत दोन डोंगरांच्या कपारीत भलंमोठं मधाचं पोळं पाहून मुलाचं भान हरपलं, ही हकिकत विवेकानंदांच्या चरित्रांत येते. १८८० च्या दशकात रेल्वे राजनांदगावपर्यंत आली आणि बैलगाड्यांचे मुक्काम ओस पडू लागले. त्याही आधी बंजाऱ्यांचे तांडे छत्तीसगडचं धान्य नागपूरकडे नेत आणि परतताना मीठ आणत. माणसाला आणि बैलाला रात्री पाणी, सावली, चारा आणि सोबत लागे, म्हणून मुक्काम तळ्याकाठी पडत. रायपुरात तळ्यांना तोटा नव्हता: बूढा तालाब, महाराजबंध, तेलीबांधा. आज बूढा तालाबाला विवेकानंद सरोवर म्हणतात आणि तेलीबांध्याच्या काठाला लोकांनी मरीन ड्राइव्ह करून टाकलंय. संध्याकाळी फिरायला दोन्ही छान. कॅम्परव्हॅन उभी करायला मात्र अगदीच अयोग्य, कारण पार्किंग तुटपुंजं आणि गर्दी रात्री उशिरापर्यंत.

आता विजेचं बघू, कारण रायपुरात मुक्काम जमतो किंवा फसतो तो तिच्यावर. साध्या बारा व्होल्ट, २०० अँपिअर-अवर बॅटरीत २.४ युनिट वीज साठते. बॅटरी लेड-ॲसिडची असेल तर ती टिकावी म्हणून निम्मीच वापरायची. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते. दोन डीसी पंखे रात्रभर चालले तर अर्ध्या युनिटच्या आसपास खातात. छोटा कॉम्प्रेसरचा फ्रिज दिवसभरात तेवढंच किंवा थोडं जास्त. छतावरचं ४०० वॉटचं सोलर पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट परत देतं. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा रायपूरची रात्र बारा-तेरा अंशांपर्यंत उतरते, गाडी कुणाच्या विजेशिवाय आरामात राहू शकते.

उन्हाळ्यात हे गणित कोसळतं. मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो. मे अखेरच्या नऊ दिवसांच्या नौतपाला तर छत्तीसगडी माणूसही दुपारी बाहेर पडत नाही, पाण्यात भिजवलेल्या भाताची बोरे-बासी खाऊन घरात बसतो. दिवसभर उन्हात भाजलेला पत्रा रात्री आत उष्णता सोडत राहतो. एक टनाचा एसी आठ-नऊ तास चालवायचा तर पाच-सहा युनिट लागतात. तेवढी बॅटरी गाडीत बसवता येते, पण तिची किंमत ऐकून बरेच जण महाबळेश्वरला जाणं पसंत करतील. इंजिन चालू ठेवून एसी लावणं हा उपाय नव्हे. डिझेल जळतं, शेजारी शिव्या देतात, आणि धूर आत शिरला तर झोपलेला माणूस उठत नाही. त्यामुळे एप्रिल ते जूनमध्यापर्यंत रायपूरच्या मुक्कामाला बाहेरची वीज हवीच, नाहीतर सरळ हॉटेलची खोली घ्यावी. उन्हाळ्यातल्या कॅम्पिंगला मी शौर्य म्हणत नाही.

बाहेरची वीज म्हणजे काही फार मोठं नाही. अमेरिकन कॅम्पग्राउंडवरचं साधं कनेक्शन १२० व्होल्ट आणि ३० अँपिअरचं असतं, म्हणजे ३,६०० वॉट. आपल्याकडे गीझरसाठी जो पॉवर पॉइंट असतो तो २३० व्होल्ट आणि १६ अँपिअरचा, म्हणजे ३,६८० वॉट. हॉटेलच्या मागच्या भिंतीवरचा एक पॉवर पॉइंट अमेरिकेतल्या त्या खांबाच्या तोडीचा आहे, हे मालकाशी बोलताना लक्षात ठेवावं. मागायचं ते एवढंच. वायर मात्र आपली हवी. पंचवीस मीटर, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, आणि वापरताना पूर्ण उलगडलेली, कारण गुंडाळीतच ठेवून एसी चालवला तर ती तापून वितळते. अर्थिंग तपासायला तीन दिव्यांचा टेस्टर मिळतो, शे-दोनशेच्या घरात. अर्थिंग नसेल तर जोडू नका. धातूची गाडी, ओली जमीन आणि सैल न्यूट्रल हे त्रिकूट वाईट. मुक्कामाच्या जागी जनरेटर चालू-बंद होत असेल तर व्होल्टेज जास्त चढलं की पुरवठा तोडणारा प्रोटेक्टर मध्ये टाकावा.

संडासाबद्दल कुणी नीट बोलत नाही, आणि तिथंच सगळे अडकतात. आपल्याकडच्या बहुतेक कॅम्पर गाड्यांत कॅसेट टॉयलेट असतं. त्याची खालची पेटी साधारण वीस लिटरची, बाहेरून ओढून काढता येणारी. चौघांना ती जेमतेम दोन दिवस पुरते. अमेरिकेत ती रिकामी करायला ठरलेली जागा असते. इथं ती कोणत्याही नेहमीच्या संडासात ओतता येते, कारण आत मैला आणि पाणीच असतं. पण दोन अटी पाळाव्यात. एक, मालकाला आधी सांगून. दुसरी, पेटीत फॉर्मल्डिहाइडचं निळं औषध टाकू नये. सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणू ते मारून टाकतं. एन्झाइमचं औषध वापरावं. उघड्या नाल्यात, शेतात किंवा खारून नदीच्या काठी पेटी रिकामी करणाऱ्याची बाजू घेता येत नाही. रायपूरचं पिण्याचं पाणी त्या नदीचंच आहे. ओट्याचं आणि अंघोळीचं पाणी वेगळ्या टाकीत साठवून न्हाणीच्या मोरीत सोडता येतं. त्यात तेल जास्त जाऊ नये म्हणून ताटं आधी कागदानं पुसून घ्यावीत. गॅसची १४.२ किलोची घरगुती टाकी गाडीत नेण्यापेक्षा पेट्रोल पंपावरही मिळणारा पाच किलोचा छोटा सिलिंडर बरा. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साचतो, म्हणून झरोका फरशीलगत हवा. वरची खिडकी उघडी ठेवून काम भागत नाही. विजेचा पॉइंट मिळाला असेल तर इंडक्शनवरच स्वयंपाक उरकावा.

मग हे सगळं रायपुरात कुठं जमतं? माझ्या मते सर्वांत चांगली जागा म्हणजे लग्नाचं लॉन. विमानतळाकडे जाणाऱ्या व्हीआयपी रोडवर मंगल कार्यालयांची रांगच आहे. सपाट जागा, उंच फाटक, चौकीदार, रांगेनं संडास, पाणी, भरपूर वीज. लग्न नसेल त्या रात्री हे सगळं रिकामं पडलेलं असतं. मराठी माणसाला इथं एक फायदा कळला पाहिजे. डिसेंबरच्या मध्यापासून मकर संक्रांतीपर्यंत उत्तरेकडे खरमास पाळतात, त्यात लग्नं होत नाहीत. म्हणजे रायपूरची हवा सर्वांत सुखाची असते नेमक्या त्या महिन्यात लॉन मोकळी असतात. त्याआधी देवउठनी (आपल्या कार्तिकी) एकादशीपासून आणि नंतर फेब्रुवारीत तिथं जाल तर डीजेच्या भिंतीशेजारी झोपावं लागेल. लॉनच्या मॅनेजरला फोनवर कॅम्परव्हॅन म्हणून कळणार नाही. "ट्रॅव्हलर गाडी रात भर खड़ी करनी है, परिवार साथ में है, एक पॉवर पॉइंट और बाथरूम चाहिए, जो लगेगा दे देंगे," असं सांगितलं की काम होतं. भाडं आधी ठरवा आणि विजेचे पैसे वेगळे आहेत का ते विचारा.

हॉटेलचं आवार हा दुसरा मार्ग. एक खोली घ्यायची, आईवडिलांना तिथं झोपवायचं, बाकीच्यांनी गाडीत. न्हाणी आणि संडास खोलीचा. खर्च जास्त, पण तीन पिढ्या सोबत असतील तर हाच शहाणपणाचा. भिलाई आणि रायपूरच्या मध्ये कुम्हारीला महामार्गालगत कैवल्यधाम हे मोठं जैन मंदिर आहे, धर्मशाळा आणि भोजनशाळेसह. गाडीसकट राहू देतील का ते आधी विचारावं लागतं. भोजनशाळेत जेवायचं तर सूर्यास्तापूर्वी पोहोचायला हवं, आणि गाडीतही कांदा-लसूण परतू नये. महामार्गावरचे मोठे पेट्रोल पंप स्वस्त आणि सुरक्षित, काही ठिकाणी तेल कंपन्यांची ट्रकचालकांसाठीची 'अपना घर' नावाची विश्रामगृहं आहेत, स्वयंपाकाच्या जागेसह. त्रास फक्त आवाजाचा. रात्रभर ट्रक येतात, एअर ब्रेकचे फुत्कार सोडतात. गाडीचं तोंड रस्त्याकडे आणि झोपायची बाजू भिंतीकडे ठेवली तर थोडं सुसह्य होतं.

नवं रायपूर पाहून मोह होतो. रुंद मोकळे रस्ते, कडेला झाडं, चिटपाखरू नाही. पण रस्त्याकडेला रात्र काढणं टाळा. मोकळ्या रस्त्यावर कुणी भरधाव येऊन आदळलं तर तुमची गाडी म्हणजे पातळ पत्र्याचं घर आहे. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतराची औद्योगिक वसाहत आहे, स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची. तिथल्या बाजूला मुक्काम केला तर सकाळी सोलर पॅनलवर काळी पूड पसरलेली दिसेल. दक्षिण आणि पूर्व बाजू बरी.

कॉलेजगावाचं कॅलेंडर इथंही चालतं, फक्त फुटबॉलच्या जागी परीक्षा. व्यापमं, म्हणजे छत्तीसगड व्यावसायिक परीक्षा मंडळ, आपल्या भरती परीक्षा बहुधा रविवारी घेतं. शनिवारी रात्री बस्तरपासून सरगुजापर्यंतची मुलं रायपुरात उतरलेली असतात, स्वस्त लॉज भरतात, चौकातला नाश्ता सकाळी सातलाच संपतो. प्रवेशाच्या दिवसांत, जून-जुलैमध्ये, मुलांना सोडायला आलेल्या पालकांची गर्दी. यांत मराठी बोलणं सारखं कानावर पडतं, कारण गोंदिया-भंडाऱ्याला नागपूर आणि रायपूर दोन्ही हाकेच्या अंतरावर. क्रिकेट सामना असेल तर विचारूच नका. नव्या रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर जानेवारी २०२३ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. तेव्हापासून सामन्याच्या तारखेला व्हीआयपी रोडवरून मोठी गाडी नेणं म्हणजे शिक्षा. १ नोव्हेंबरचा राज्योत्सव, माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत राजीमचा मेळा आणि दोन्ही नवरात्रं याही तारखा बघून ठेवा. नवरात्रात डोंगरगडच्या बम्लेश्वरीला पायी जाणाऱ्यांची रांग राजनांदगावच्या बाजूला महामार्गाच्या कडेनंच चालते, रात्रीही. वेग कमी ठेवावा आणि मध्येच थांबून पंडालमधला चहा घ्यावा.

गावात ओळखीचं कुणी नसेल तर चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ आहे. ती कॅम्पसाइट नव्हे. पण कोणतं लॉन बरं, गाडीचा एसी कोण दुरुस्त करतं, मराठी कळणारा डॉक्टर कुठं, हे विचारायला इतकी चांगली जागा नाही. रायपूरची मराठी वस्ती भोसल्यांच्या काळापासूनची. रत्नपूरला बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून कारभार केला, आणि हिंदी पत्रकारितेत आदरानं नाव घेतलं जातं ते माधवराव सप्रेही याच मुलखात वावरले. टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेणारे सप्रे १९२६ मध्ये रायपुरातच वारले. त्यांच्या नावाची शाळा बूढा तालाबाजवळ आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. खासगी वापराची कॅम्परव्हॅन पांढऱ्या पाटीवर नोंदवता येते. पण जुनी ट्रॅव्हलर घेऊन गल्लीतल्या सुताराकडून पलंग ठोकून घेतला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. मूळ रचनेत बदल करण्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये कडक भूमिका घेतली आहे. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, त्याप्रमाणे बांधलेली आणि आरसी बुकात तशी नोंद असलेली गाडीच घ्यावी, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून भाड्यानंही अशा गाड्या मिळतात. त्यांची पाटी पिवळी. अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे ना, हे निघताना बघा, नाहीतर बाघनदी ओलांडल्यावर पाटेकोहऱ्याच्या नाक्यावर खोळंबा. आणि गाडी चालू असताना मागच्या पलंगावर कुणी झोपायचं नाही, मुलांनीही नाही. पट्टा असलेल्या खुर्चीवरच बसायचं.

शहरात मोठी गाडी नेऊच नये. नागपूरकडून आलात की टाटीबंधला उजवीकडे वळून रिंग रोड एक धरा. रायपुरा, भाठागाव, पचपेडी नाका, तेलीबांधा असा तो शहराला वळसा घालतो. गाडी मुक्कामी लावून पुढे ई-रिक्षानं फिरा. गोलबाजाराच्या गल्ल्यांत तर स्कूटरसुद्धा अडते. संध्याकाळचा स्वयंपाक टाळायचा असेल तर महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात गढकलेवा आहे. चीला, फरा, चौसेला, ठेठरी असे तांदळाचे आणि बेसनाचे छत्तीसगडी पदार्थ तिथं मिळतात. संग्रहालय १८७५ चं, सिरपूरच्या कांस्यमूर्ती तिथल्या पाहाव्यातच. सिरपूर स्वतः ऐंशी किलोमीटरवर, आरंगच्या पुढे. सातव्या शतकातलं विटांचं लक्ष्मण मंदिर बघायचं तर रायपुरात दोन रात्री धराव्यात आणि मधल्या दिवशी जाऊन यावं. पावसाळ्यात मात्र अंधार पडल्यावर या रस्त्यांवर गाडी चालवू नये. कोरड्या डांबरावर गुरं येऊन बसतात, आणि काळी म्हैस दिव्यांच्या उजेडात शेवटच्या क्षणी दिसते.

बस्तरकडे जाणाऱ्यांनी पचपेडी नाक्यावरून धमतरीचा रस्ता धरावा आणि सकाळी सहाच्या आत निघावं. कांकेरच्या पुढे बारा वळणांचा केशकाळ घाट आहे, तो दुपारच्या आत चढून जावा. निघताना पाण्याच्या टाकीचं काय करायचं यावर नेहमी वाद होतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो ओझं, म्हणून काही जण अर्धी टाकी भरतात. ते सगळ्यात वाईट. आत आडवे पडदे नसतील तर अर्धी टाकी प्रत्येक वळणावर डचमळते आणि गाडी बाहेरच्या बाजूला ओढली जाते. एकतर काठोकाठ भरा, नाहीतर पिण्यापुरतं कॅनमध्ये घेऊन टाकी जवळजवळ रिकामी ठेवा. घाट चढल्यावर कोंडागावात पाणी मिळतं.